शालेय ग्रंथपालाचं वाचन : मुलांची पुस्तकं मोठ्यांनी का वाचायची?



आजचा विषय तसा साधा आहे. शाळेतली पुस्तकं ज्याच्या ताब्यात असतात, त्याने ती स्वतः वाचलेली असावीत का? विचारलं तर सगळेच "हो, असावीतच" म्हणतील. पण खरी परिस्थिती आपल्याला माहीत आहे. बहुतेक प्राथमिक शाळांमध्ये ग्रंथपाल हे पदच नसतं. 'ग्रंथालय प्रमुख' म्हणून एखाद्या शिक्षकाचं नाव फळ्याशेजारच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं. त्याच शिक्षकाकडे वर्ग असतो, पोषण आहाराच्या नोंदी असतात, ऑनलाइन माहिती भरणं असतं. कपाटाची किल्ली त्याच्या जुडग्यात असते आणि पुस्तकांची यादी नोंदवहीत असते. पुस्तकांच्या आत काय आहे, ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

मी मुकुटबन परिसरात शिकवते आणि अशाच एका कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. या कपाटाने मला एक सवय लावली. मी मुलांची पुस्तकं वाचते. मुलांना वाचून दाखवण्यासाठी वाचते तशी स्वतःसाठीही वाचते, आवडीने. या सवयीचा शाळेतल्या कामाशी किती जवळचा संबंध आहे, ते या लेखात सांगायचं आहे.

१. आपला भाग आणि आपली मुलं

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातलं गाव. वणीच्या या बाजूला, तेलंगणाच्या सीमेजवळ. कापसाचा भाग. इथल्या एकाच वर्गात किती भाषा बसतात बघा. काही मुलांच्या घरी आपली वऱ्हाडी वळणाची मराठी. कोलाम पोडावरून येणाऱ्या लेकरांच्या घरी कोलामी. काहींच्या घरी गोंडी. नातेवाईक पलीकडे आदिलाबादकडचे असतील तर तेलुगू कानावर पडलेली. सिमेंट कारखान्यामुळे बाहेरून आलेल्या काही कुटुंबांत हिंदी. कोलामी, गोंडी आणि तेलुगू या द्रविड कुळातल्या भाषा आहेत. त्यांची वाक्यरचना, त्यांचे आवाज मराठीपेक्षा वेगळे. म्हणजे पहिलीत येणाऱ्या काही मुलांसाठी पाठ्यपुस्तकातली मराठी ही नव्यानेच शिकायची भाषा असते.

पुण्या-नागपुरात मुलाला गोष्टीचं पुस्तक हवं असेल तर दुकान असतं, वाचनालय असतं, पुस्तक प्रदर्शन भरतं. इकडे पोडावरच्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाशिवाय जे पहिलं पुस्तक पडतं, ते बहुतेक वेळा शाळेच्या कपाटातलंच असतं. ते पुस्तक त्याला जमलं नाही, आवडलं नाही, तर "पुस्तक म्हणजे आपल्या कामाचं नाही" असा त्याचा समज होतो. दुसरं पुस्तक त्या समजाला खोडायला आपोआप चालून येत नाही. म्हणून ते पहिलं पुस्तक कोण निवडून देतो याला महत्त्व आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं लिहिलेलं आहे. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. समग्र शिक्षेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तकं येण्याची वाट कायद्याने केलेली आहे. पुस्तकापासून मुलापर्यंतची वाट कायदा करू शकत नाही. ती माणसालाच करावी लागते.

२. माझं स्वतःचं वाचन

आमच्या घरी लहानपणी पंचांग आणि पाठ्यपुस्तकं एवढीच छापील वस्तू. पाठ्यपुस्तकाबाहेरचं पहिलं वाचन मला मिळालं ते 'किशोर' मासिकाचं. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेलं हे मासिक. माझ्या हाती आलेला अंक मुखपृष्ठ गेलेला होता. शेवटची पानंही नव्हती. त्यातल्या एका गोष्टीचा शेवट कळलाच नाही, म्हणून तो मी स्वतःच रचला. एकदा नाही, तीन-चारदा, वेगवेगळा. आज मागे वळून पाहिलं तर वाटतं, माझी वाचक म्हणून सुरुवात तिथेच झाली.

नंतर डी.एड., नोकरी, संसार. या काळात 'मोठ्यांची' पुस्तकं वाचली. कादंबऱ्या वाचल्या, आत्मचरित्रं वाचली. मुलांच्या पुस्तकांकडे परत आले ती किल्ली हातात आल्यावर. सुरुवातीला शाळेचं काम म्हणून एकेक पुस्तक पिशवीत टाकून न्यायला लागले. वणीला जाता-येता एसटीत वाचायचे. शेजारची बाई एकदा पुस्तकातली चित्रं पाहून म्हणाली, "लेकरासाठी घेतलं काय बाई?" म्हटलं, "नाही बाप्पा, मीच वाचून राहिले." तिला हसू आलं. मग पुढच्या थांब्यापर्यंत तीही वाकून चित्रं बघत होती.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. चांगलं बालपुस्तक लहान वयात संपत नाही. साने गुरुजींचं 'श्यामची आई' घ्या. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक मी तीन वयांत वाचलं. दहाव्या वर्षी मी श्यामच्या बाजूने होते, आई रागावली की मलाच भीती वाटायची. नोकरी लागल्यावर वाचलं तेव्हा शिक्षक म्हणून वाचलं, लहान मुलाच्या मनात एखादी गोष्ट कशी रुजते हे बघत. स्वतः आई झाल्यावर वाचलं तेव्हा लक्ष त्या घरातल्या ओढाताणीकडे गेलं. एवढ्याशा मिळकतीत ती बाई मान कशी राखते, याकडे. पुस्तक तेच होतं. माझं वय बदललं, तशी मी दर वेळी त्याच्यात दुसरंच काही वाचत गेले.

दुसरी लक्षात आलेली गोष्ट अशी, की मुलांसाठी लिहिणं हे दुय्यम काम आहे असं आपल्या मोठ्या लेखकांनी कधी मानलं नाही. ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले विंदा करंदीकर मुलांसाठी कवितासंग्रहामागून कवितासंग्रह लिहीत राहिले. भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' मासिक काढलं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि फास्टर फेणे नावाचा पोरगा उभा केला. हा फेणे मूळचा फुरसुंगीचा, पुण्याजवळच्या एका गावचा. गावाकडून आलेला, हडकुळा, सायकल पिटाळणारा मुलगा शहरातल्या भल्याभल्यांना चकवतो, हे आपल्या गावातल्या मुलांना फार आवडतं. २०१७ चा चित्रपट पाहिलेली मुलं तर पुस्तक पाहून म्हणतात, "मॅडम, हा पिक्चरवाला हाये!" तिथून पुस्तकात शिरायला वेळ लागत नाही.

माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या चित्रपुस्तकांनी मला निराळीच गोष्ट शिकवली. त्यात राक्षस नाही, परी नाही, तात्पर्यही नाही. घरातली माणसं आणि त्यांचं रोजचं वागणं. लहान मूल त्या चित्रात आपलं घर शोधतं. राधाच्या घरात काय आहे आणि आपल्या घरात काय आहे, यावर पहिली-दुसरीची मुलं इतकं बोलतात की तास संपतो. मीही ते पुस्तक चित्रांसाठी परत परत उघडते.

३. वाचलेलं असलं की काय होतं?

आता मुद्द्यावर येते. ही सगळी आवड ठीक आहे, पण शाळेला तिचा उपयोग काय? एक उदाहरण सांगते. मुलाचं नाव सांगत नाही.

सहावीतला एक मुलगा. पोडावरून यायचा, घरची भाषा कोलामी. दर शनिवारी पुस्तक न्यायचा आणि सोमवारी परत आणायचा. नोंदवहीत बघाल तर शाळेतला सगळ्यात मोठा वाचक तोच. पुस्तकही नेहमी जाडजूड. त्याने परत आणलेलं एक पुस्तक माझं आवडतं होतं. त्यात एक प्रसंग आहे, वाचणारा तिथे हसल्याशिवाय राहत नाही. मी सहज त्या प्रसंगाचा विषय काढला. मुलगा हसला नाही. तो माझ्याकडे बघायचा सोडून जमिनीकडे बघायला लागला.

त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. जोडाक्षरं आली की अडायचा, लांब वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायचा. वर्गमित्र जाड पुस्तकं नेतात म्हणून तोही नेत होता. मी ते पुस्तक वाचलेलं नसतं तर नोंदवही बघून त्याचं कौतुक केलं असतं आणि तो तसाच सातवीत गेला असता.

आता अडचण अशी, की त्याला जमतील अशी पुस्तकं पहिली-दुसरीची. पानावर दोन-तीन ओळी, मोठी चित्रं. सहावीच्या पोराच्या हातात ते पुस्तक दिलं तर बाकीचे पोट्टे चिडवणार. दिलं नाही तर तो वाचायला शिकणार नाही. अशा वेळी काय करायचं?

मी त्याला काम दिलं. म्हटलं, "दुसरीच्या मुलांना रोज जेवणानंतर एक गोष्ट वाचून दाखवायची आहे. मला वेळ होत नाही. तू करशील काय?" तो तयार झाला. मग त्याला ते छोटं पुस्तक घरी नेणं भागच होतं, तयारी करायला. चिडवायला कुणाला जागाच राहिली नाही, कारण तो ते स्वतःसाठी नेत नव्हता, 'ड्यूटी' म्हणून नेत होता. पुस्तकं मी निवडून द्यायची. पहिल्या आठवड्यात एकही जोडाक्षर फारसं न येणारी, एकच वाक्य परत परत येणारी. पुढे थोडी लांब. कोणत्या पुस्तकात कितव्या पानावर तो अडेल हे मला ठाऊक होतं, कारण मी ती वाचली होती. आदल्या दिवशी ते पान आम्ही दोघं मिळून वाचायचो.

पुढे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. दुसरीत त्याच्याच पोडावरची तीन लेकरं होती. मराठी गोष्ट चालू असताना ती नुसती बसून असायची. एक दिवस याने पान वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तेच कोलामीत सांगितलं. तिघंही एकदम पुढे सरकली. त्या दिवसापासून त्याची पद्धतच ठरली : आधी मराठीत वाचायचं, मग कोलामीत सांगायचं. वर्गातली इतर मुलंही कोलामी शब्द विचारायला लागली. जी भाषा तो शाळेत कधी बोलत नव्हता, तीच त्याच्या उपयोगी पडली.

वर्षाच्या शेवटी तो काही सरसर वाचणारा झाला नाही. पण 'किशोर'मधली एका पानाची गोष्ट तो कुणाच्या मदतीशिवाय वाचायला लागला आणि तिच्यात कुठे हसायचं ते त्याला कळायला लागलं. एवढं झालं. माझ्या मते हे पुष्कळ आहे.

४. डॉ. रंगनाथन यांचे नियम आणि आपलं एक कपाट

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे शिक्षक होते, हे अनेकांना माहीत नसतं. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. नियम विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी वाटतात, पण आपल्या एका लोखंडी कपाटालाही ते जसेच्या तसे लागू होतात. माझ्या शब्दांत सांगते.

- पुस्तक वापरायसाठी असतं. कुलूप लावून नवं राहिलेलं पुस्तक हे जपलेलं पुस्तक नाही, ते वाया गेलेलं पुस्तक आहे.
- प्रत्येक वाचकासाठी त्याचं पुस्तक असतं. वरच्या सहावीतल्या मुलासाठीही होतं. ते शोधावं लागलं.
- प्रत्येक पुस्तकासाठी कुणीतरी वाचक असतो. कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेलं 'पक्ष्यांची ओळख' छापाचं पुस्तक गुरं राखायला जाणाऱ्या मुलाच्या हाती दिलं, की त्या पुस्तकातल्या कोणत्या पक्ष्याला आपल्याकडे काय म्हणतात हे तोच आपल्याला सांगतो.
- वाचकाचा वेळ वाचवावा. मुलाला तीनशे पुस्तकांपुढे उभं करून "घे तुला आवडेल ते" म्हणणं हे स्वातंत्र्य वाटतं. नवख्या वाचकाला त्यात नुसता गोंधळ होतो. पाच पुस्तकं काढून समोर ठेवा, त्यातून त्याला निवडू द्या.
- ग्रंथालय वाढत असतं. पुस्तकं वाढतात, वाचक वाढतात, आणि आपलं वाचनही वाढायला हवं.

यातला दुसरा आणि तिसरा नियम बघा. वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून द्यायची तर दोघांचीही ओळख हवी. मुलाची ओळख आपल्याला असते, आपण शिक्षकच आहोत. पुस्तकाची ओळख वाचल्याशिवाय होत नाही. पुस्तकाच्या पाठीमागे छापलेला 'वयोगट ८ ते १०' त्यासाठी पुरत नाही.

५. "पुस्तक हरवलं तर?"

ही भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पुस्तकं जडवस्तू नोंदवहीत चढवलेली असतात. बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यावी लागतात. कमी पडली तर कोण भरणार? या भीतीपोटी कितीतरी शाळांत पुस्तकं १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, बाहेर येतात. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी २०१५ पासून आपण हा दिवस साजरा करतो. मुलं रांगेत बसतात, हातात पुस्तक, फोटो निघतो, फोटो ग्रुपवर जातो आणि पुस्तकं परत आत जातात.

यावर मी तीन गोष्टी करते. पहिली, देवघेवीची नोंद मुलांकडेच. पाचवी ते सातवीची दोन-दोन मुलं आळीपाळीने 'बालग्रंथपाल'. मुलं एकमेकांकडून पुस्तक ज्या चिकाटीने परत आणतात, ती आपल्याला जमत नाही. दुसरी, फाटलेल्या पुस्तकांचा दवाखाना. महिन्यातून एकदा खळ, सुई-दोरा आणि जुन्या कॅलेंडरचे कागद घेऊन मुलं पुस्तकं शिवतात. ज्या मुलाने पुस्तक शिवलं, तो ते फाडत नाही. तिसरी, जी पुस्तकं अगदी वापरण्यापलीकडे गेली त्यांची वेगळी यादी ठेवून शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडायची आणि रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा. वाचून वाचून झिजलेल्या पुस्तकाचं निर्लेखन ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. ते पुस्तक आपलं काम करून गेलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत तर मी मुद्दाम पुस्तकं बाहेर काढते. या दिवसांत काही मुलं शाळेत येत नाहीत, आईबापासोबत शेतात असतात किंवा घरी लहान भावंडं सांभाळतात. ज्याच्या पिशवीत पुस्तक असतं, तो पुस्तक परत करायच्या निमित्ताने तरी शाळेत येतो. आला की दुसरं नेतो. शाळेशी असलेला धागा टिकवायला कधी कधी एवढंसं निमित्तही पुरतं.

६. सुरुवात कशी करायची?

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे वेळ नाही हे मला माहीत आहे. माझ्याकडेही नाही. पण मुलांचं पुस्तक वाचायला लागतो तो वेळ फार थोडा असतो. चित्रपुस्तक दहा मिनिटांत होतं. शाळेच्या कपाटातली शंभर पुस्तकं घेतली आणि दिवसाला एक वाचलं, तर एका सत्रात कपाटाचा मोठा भाग तुमच्या डोक्यात असतो.

मी एक साधी वही ठेवते. प्रत्येक पुस्तकासाठी फक्त चार ओळी :

१. गोष्ट कशाबद्दल आहे? (एका वाक्यात, शेवट न सांगता.)
२. वाचायला किती सोपं? (पानावर किती ओळी, जोडाक्षरं किती, वाक्यं लांब की आखूड.)
३. मूल कुठे अडेल? (अनोळखी शब्द, शहरी वस्तू. उदाहरणार्थ लिफ्ट, समुद्रकिनारा, गॅलरी.)
४. वर्गातल्या कोणत्या मुलाची आठवण झाली?

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. वाचताना आपल्याला आपोआप कुणीतरी मूल आठवतं. हे बकरीचं आहे, त्या मुलीला देऊ, तिच्याकडे बकऱ्या आहेत. यात आजी वारते, ज्या मुलाच्या घरी नुकतंच दुःख झालंय त्याला आत्ता नको, किंवा आत्ताच हवं, पण आपण सोबत बसून. हा निर्णय कुठलंही ॲप घेऊन देत नाही.

पुस्तकं कमी असतील तर काय? 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीतली चित्रपुस्तकं मोफत मिळतात. ती वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. पडद्यावर दाखवण्यापेक्षा शक्य तिथे चार पानं छापून, शिवून मुलांच्या हातात द्या.

आणि एक पुस्तक तर आपणच करू शकतो. मुलांना सांगा, घरी आजीला, आजोबांना गोष्ट विचारून या. कोलामीत, गोंडीत, तेलुगूत, जशी असेल तशी. देवनागरीत लिहा. शेजारच्या पानावर मराठीत लिहा. चित्र काढा. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळत होते तेव्हा मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. त्यांच्याकडे छापखाना नव्हता, लिहिण्याची तळमळ होती. आपल्या मुलांचं हस्तलिखित कपाटात ठेवा, त्यालाही दाखल क्रमांक द्या. ज्या कपाटात आपल्या आजीची गोष्ट आहे, ते कपाट मुलाला परकं वाटत नाही.

ग्रंथालयाच्या तासाबद्दलही एक विनंती. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला पहिला जो तास जातो, तो हाच. तो धरून ठेवा. त्या तासाला मुलांसोबत आपणही पुस्तक घेऊन बसा. वह्या तपासत बसू नका. 'तोत्तोचान'मध्ये आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा आहे. तिथे एक नवा डबा येतो आणि त्यात ग्रंथालय होतं. तिथले मुख्याध्यापक मुलांना कुठलंही पुस्तक, कुठेही बसून वाचायची मोकळीक देतात. हे पुस्तक मराठीतही आहे. प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावं असं आहे. आपल्याकडे डबा नसेल, पण निंबाची सावली असते.

७. पालकांसाठी दोन शब्द

अनेक पालक म्हणतात, "मॅडम, आम्हाले वाचता येत नाही, आम्ही काय करणार?" आईबाबांनो, तुम्ही ऐकू शकता. लेकराला सांगा, "काय आणलं आज? वाच बरं थोडं." चूल पेटवताना, कापूस निवडताना ऐका. चुकलं तर तुम्हाला कळणारही नाही, ते उलट बरंच आहे. चुका काढायचं काम आमचं. ऐकणारं माणूस समोर आहे म्हणून मूल वाचतं. मग तुम्हाला आठवत असेल ती गोष्ट त्याला सांगा. तुमच्या भाषेतच सांगा.

ज्या पालकांना वाचता येतं, त्यांना एवढंच म्हणेन, मुलाच्या पिशवीतलं पुस्तक उघडून बघा. "अभ्यास सोडून हे काय वाचतोस?" असं म्हणायच्या आधी त्याची चार पानं वाचा. गोष्टीत रमणारं मूल अभ्यासापासून दूर जात नाही. पाठ्यपुस्तकातला उतारा समजण्यासाठी जो सराव लागतो, तो तिथेच होत असतो. आणि वाढदिवसाला केकसोबत एखादं पुस्तकही आणा. चित्रपुस्तक केकपेक्षा महाग नसतं.

८. शेवटी

ग्रंथपाल या शब्दात 'पाल' म्हणजे सांभाळणारा. सांभाळणं म्हणजे कुलूप लावणं असा अर्थ आपल्याकडे रूढ झालाय. पण गुरं सांभाळणारा माणूस रोज गुरं सोडतो, चारून आणतो, प्रत्येक गाय नावाने ओळखतो. पुस्तकं सांभाळणं तसंच आहे. रोज सोडायची, परत आणायची आणि एकेक नीट ओळखायची. त्यासाठी ती वाचावी लागतात. आणि वाचायला लागलं की आवडायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

करून पाहा

१. शाळेच्या कपाटातून न बघता पाच पुस्तकं काढा. या आठवड्यात ती वाचा आणि प्रत्येकाच्या चार ओळी लिहा.
२. देवघेव वहीत सर्वांत जास्त पुस्तकं नेणारं मूल आणि एकही न नेणारं मूल शोधा. दोघांशीही पाच मिनिटं गप्पा मारा. परीक्षा घेऊ नका.
३. वरच्या वर्गातल्या, वाचताना अडखळणाऱ्या एका मुलाला खालच्या वर्गासाठी गोष्ट वाचण्याची जबाबदारी द्या. पुस्तक तुम्ही आधी वाचून निवडा.
४. मुलांच्या घरच्या भाषेतली एक गोष्ट लिहून, शिवून कपाटात दाखल करा.

तुमच्या शाळेत कोणतं पुस्तक मुलं परत परत नेतात आणि का, हे नक्की कळवा. मला ते वाचायला आवडेल.